वधूपक्षाच्या खोलीतली ब्रिगेड

आमच्या लढाया पितृपक्षात व्हायच्या, कारण त्या पंधरवड्यात मंगल कार्यालय रिकामं असतं.

यवतमाळहून कळंबकडे जाताना रस्त्याला लागूनच ते कार्यालय आहे. पुढे मोठं पटांगण, आत स्टेज, स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या प्लास्टिकनं झाकून ठेवलेल्या. भोजनकक्षात आमची टेबलं, संगणक आणि टेलिफोनच्या वायरींचं जाळं. कॉरिडॉरच्या एका टोकाला ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेली खोली होती. तिथला कूलर चालू होता म्हणून ती ब्रिगेडच्या मुख्यालयाला मिळाली. समोरच्या ‘वरपक्ष’ खोलीत शत्रू बसायचा. शत्रू म्हणजे महागावचा माझा एक सहकारी. संगणकावरच्या लाल फौजा तो चालवायचा. तो म्हणायचा, वरपक्षाचं कामच ते, समोरच्याच्या चुका पाहत बसायचं.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते आमचे मालक सैन्यातून निवृत्त झालेले कर्नल. मूळचे मुकुटबनकडचे. नोकरी संपल्यावर घरच्या शेतात कापूस करायला म्हणून परतले आणि दोन हंगामांत कंटाळले. मग यवतमाळात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर जागा भाड्यानं घेऊन त्यांनी आम्हा चार-पाच जणांना कामाला लावलं. खालून खताचा आणि फवारणीच्या औषधांचा वास यायचा, आणि वर आम्ही लढाईचं सॉफ्टवेअर बनवायचो.

लढाईचं म्हटलं की लोकांना मोबाइलवरचा खेळ डोळ्यांपुढे येतो. हे तसं नाही. आमच्या संगणकावर ज्यांना शिकवायचं ते अधिकारी संगणकाला हातही लावत नाहीत. ते वेगळ्या खोलीत बसतात, भिंतीवर कागदी नकाशा, समोर टेलिफोन. ते ठरवतात, हुकूम देतात. हुकूम फोनवरून आमच्याकडे येतो. आम्ही प्रत्येक जण एकेक बटालियन असतो. सांगितलं ते आम्ही संगणकात भरतो, पडद्यावर रणगाडे सरकतात, इंधन जळतं, तोफगोळे पडतात, आणि जे घडलं ते आम्ही फोनवरून परत कळवतो. पडदा फक्त आम्हाला दिसतो. खऱ्या लढाईतही सेनापतीला रणांगण दिसत नाही, त्याला फक्त लोकांचे आवाज ऐकू येतात, असं कर्नलसाहेब म्हणायचे. त्या आवाजांवरून ठरवायला शिकवायचं, एवढंच या सगळ्या खटाटोपाचं प्रयोजन.

मी तिथे नकाशे बनवायला लागले होते. सरावासाठी देश काल्पनिक हवा होता, पण जमीन बनावट दिसून चालणार नव्हती. कर्नलसाहेब म्हणाले, जी जमीन जाऊन पाहता येते तीच घ्या. म्हणून देशाचं नाव खोटं आणि जमीन आमचीच, असा तो नकाशा झाला. टेकड्या, नाले, पळसाचं रान, काळ्या मातीची वावरं. सगळ्याला नवी नावं. काळ्या मातीवर पाऊस पडला की गाड्यांचा वेग किती कमी होतो ते आकडे मीच भरले होते. ते काम मला आवडायचं. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नसे.

मी कमी बोलते. शाळेत इंग्रजी, घरात वऱ्हाडी, आणि दोन्हीकडे मी वाक्य मनात नीट लावून होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माझे पेपर चांगले असायचे, पण वर्गात हात वर केल्याचं मला आठवत नाही. शिक्षिका पालकसभेत आईला सांगायच्या की मुलगी हुशार आहे, पण घुमी आहे. आई ते घरी येऊन कौतुकानं सांगायची, त्यातला ‘पण’ वगळून.

फोनवर बसणारा मुलगा ऐन वेळी पुण्याला नोकरी लागून गेला, तेव्हा कर्नलसाहेबांनी ‘तीन नंबर’ची, म्हणजे तिसऱ्या बटालियनची, खुर्ची मला दिली. जमीन हिला ठाऊक आहे, बोलायला शिकेल, असं ते म्हणाले. हेडसेट आधीच्या मुलाच्या डोक्याचा होता. माझ्या कानांवरून तो सारखा घसरायचा. मी एका हातानं तो धरायचे आणि दुसऱ्या हातानं टाइप करायचे.

आणि काहीतरी अनपेक्षित झालं. ‘तीन नंबर पहुँच गई, ओव्हर’ असं मी म्हटलं आणि भिंतीपलीकडे कोणीतरी नकाशावर टाचणी सरकवली. माझ्या आवाजानं काहीतरी हललं. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी मला कळलं की मला ही खुर्ची हवी आहे.

तसं पाहिलं तर त्या खुर्चीसाठी अजून माझी परीक्षाच चालू होती. दिवाळीनंतर सेनेतल्या खऱ्या, नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी आमच्या सॉफ्टवेअरवर पहिला मोठा सराव व्हायचा होता, एका छावणीत. त्याआधी रंगीत तालीम म्हणून कर्नलसाहेबांनी नागपूरहून आपले काही निवृत्त मित्र बोलावले होते. त्यांचं ब्रिगेड मुख्यालय वधूपक्षाच्या खोलीत. प्रमुख एक ब्रिगेडियर, मराठी, मोजकं बोलणारे. हुकूम फोनवर द्यायचे त्यांचे ऑपरेशन्स अधिकारी, ते एक मेजर, हिंदी बोलणारे, घाईतले. फोनच्या एका बाजूला ते मेजरसाहेब आणि दुसऱ्या बाजूला मी.

पहिल्या दिवशी योजना अशी होती की दोन बटालियन नदीवर शत्रूला गुंतवून ठेवतील आणि तीन नंबर दक्षिणेकडच्या पठारावरून लांबचा वळसा घालून त्याच्या मागे जाईल. मेजरसाहेबांनी फोनवर मला रस्ता सांगितला, वेळ सांगितली, आणि “चलो, निकलो” म्हणून फोन ठेवला.

माझी रसद, म्हणजे डिझेलचे आणि दारूगोळ्याचे ट्रक, मागे एका आमराईत उभे होते. त्यांच्याबद्दल ते काही बोलले नव्हते. पण वळसा लांबचा होता. डिझेल अर्ध्यात संपणार हे पडद्यावर दिसत होतं. मला वाटलं, त्यांना ते हवंच असणार, सांगायचं राहिलं असेल. विचारायला फोन करावा तर ते घाईत. मी ट्रक निवडले आणि रणगाड्यांच्या मागे लावून दिले.

हे मी कुठे शिकले ते मला माहीत आहे. आमच्याकडे लग्नात घरच्या मुली पंगतीत वाढायला असतात. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, मला हातात वरणाची बादली देऊन पंगतीच्या टोकाला उभी करायची आणि सांगायची, “पानाकडे पाह्य, तोंडाकडे नको पाहू. पाहुण्याले मांगा लागलं का आपली इज्जत गेली.” म्हणजे वाटी रिकामी व्हायच्या आत भरायची. कोणी काही बोलायच्या आत. मला ते फार जमायचं. न बोलता करण्यासारखं ते एकच काम होतं, आणि त्यात मी गावात पहिली होते.

त्या दिवशी तीन नंबर शत्रूच्या मागे अगदी वेळेवर जाऊन उभी राहिली. वरपक्षाच्या खोलीतून महागावकर ओरडला की ही पाण्यापासून डिझेल बनवते का. दुपारी स्टेजसमोर खुर्च्या मांडून चर्चा झाली. मेजरसाहेब खुशीत होते, त्यांनी वळशाची कल्पना खडूनं फळ्यावर पुन्हा काढून दाखवली. ब्रिगेडियर हसले. मी मागे उभी होते आणि मलाही बरं वाटत होतं.

सगळे जेवायला गेल्यावर कर्नलसाहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या हातात चहा होता. लढाई चालू असताना ते हाच चहा घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते, हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

“रसद कोणी हलवली?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“कोणाच्या हुकमानं?”

“लागणारच होती, सर.”

त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. एरवी ते आमच्याशी पुस्तकी मराठी बोलायचे. राग आला किंवा माया आली की त्यांची तीस वर्षांची फौज गळून पडायची आणि मुकुटबन वर यायचं. “पोरी,” ते म्हणाले, “तू त्याईले जितवून राह्यली.”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. ही माणसं इथे आली आहेत ती आपण काय विसरतो हे कळायला. मेजर डिझेल विसरला. तू ते झाकलंस. आता तो नागपूरला जाऊन सांगणार की वळसा उत्तम जमला. दिवाळीनंतर त्या खुर्चीत खरा अधिकारी असेल, तोही विसरेल, तूही झाकशील. आणि नंतर कधीतरी सीमेवर त्याच्या हाताखाली खरा पोरगा रणगाड्यात बसलेला असेल. तिथे वाढायला तू नसशील.

पंगतीबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ‘वाढायला’ हा शब्द त्यांचा त्यांनी वापरला. ते इकडचेच होते, त्यांना कळलं असावं.

शेवटी त्यांनी सांगितलं की अजून दोन लढाया बाकी आहेत. त्यानंतर ते ठरवतील की छावणीतल्या सरावाला तीन नंबरवर मी बसायचं की पुन्हा नकाशाकडे जायचं. आवाजात धमकी नव्हती. हवामानाचा अंदाज सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून बसले की सांगितलं तेवढंच भरायचं. एक अक्षर जास्त नाही.

योजना तीच होती, फक्त वळसा उलट बाजूनं. मेजरसाहेबांनी रस्ता सांगितला, वेळ सांगितली, रसदेचं नाव घेतलं नाही. मी रणगाडे हलवले. ट्रक आमराईतच राहिले. पडद्यावर माझ्या बटालियनच्या चिन्हाखाली इंधनाची एक बारीक पट्टी असते, हिरवी. ती पिवळी झाली. मी हेडसेट धरून बसले होते. मधूनच मेजरसाहेबांचा फोन आला, “तीन, सब ठीक?” मी माझी जागा सांगितली, कारण हुकमात जागा कळवायला सांगितलं होतं. पट्टी लाल झाली. रणगाडे भर माळावर उभे राहिले. महागावकरानं त्याच्या तोफा वळवल्या आणि पडद्यावर माझी निळी चिन्हं एकेक करून राखाडी होत गेली.

फोन वाजला. रुके क्यों हो, असं ते विचारत होते. मी म्हटलं, डिझेल खतम.

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला.

चर्चेत मेजरसाहेब चिडलेले होते. त्यांचं म्हणणं होतं की फोनवर बसवलेल्या मुलीला काही समजतच नाही, ऑपरेटर तरी कामाचे द्या. हे ते माझ्याकडे न बघता बोलले. माझे कान तापले. कर्नलसाहेब स्टेजच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, “डिझेल संपत आहे हे तुला दिसत होतं?”

“हो.”

“मग?”

“हुकूम नव्हता.”

मागे कोणीतरी हसलं. कर्नलसाहेब हसले नाहीत. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काल हुकूम नसताना ट्रक नेले. आज हुकूम नाही म्हणून नेले नाहीत. दोन्ही दिवस तुझं तोंड बंदच. तुझ्या स्कूटीतलं पेट्रोल रस्त्यात संपलं त गपचिप उभी राह्यशीन का?”

कालच्या ट्रकची गोष्ट अशी सर्वांसमोर आली. मेजरसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं, जिथे कालचा वळसा अजून अर्धवट पुसलेला होता, आणि नंतर पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. लाज वाटली, पण त्यापेक्षा मला कर्नलसाहेबांनी काय सांगितलं ते जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मी समजत होते की माझ्याकडून दोन चुका झाल्या, एक उलटी, एक सुलटी. त्यांच्या मते ती एकच चूक होती.

संध्याकाळी महागावकर पार्किंगमध्ये भेटला. त्यानं मला त्याच्या पद्धतीनं धीर दिला. “तुले मारताना मले मजाच नाई आली,” तो म्हणाला. “तू त भिंतीसारखी उभी. जराशी बोंबलत जाय ना, म्हणजे मलेबी लढल्यासारखं वाटन.”

कार्यालयातून यवतमाळला मी स्कूटीवरच जायचे. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, कुठे कुठे तुरी हिरव्यागार. हेल्मेटच्या आत माणूस मोठ्यानं बोलला तरी बाहेर कोणाला कळत नाही. हे मला त्या दिवशी सुचलं. मी काच खाली केली आणि बोलायला सुरुवात केली. तीन बोलतेय. डिझेल अर्ध्या वाटेचंच आहे. रसद पाठवा. आधी आवाज विनवणीचा येत होता. शाळेत बाईंकडे पाणी प्यायला जायची परवानगी मागताना यायचा तसा. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. विनंतीचा सूर काढून टाकायचा होता, पण उद्धटपणाही नको होता. खबर द्यायची होती फक्त. वणीकडून आलेल्या ट्रकचा क्लीनर खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहत गेला. माझे ओठ हलताना त्याला दिसले असावेत. यवतमाळच्या नाक्यापर्यंत येता येता ते वाक्य मला माझंच वाटायला लागलं.

घरी आईनं विचारलं की घसा का बसला. मी म्हटलं, ऑफिसात बोलावं लागतं. तिला ते खरं वाटलं नाही.

तिसऱ्या लढाईत मेजरसाहेबांनी सगळ्यात आधी रसदेचा हुकूम दिला. स्पष्ट, वेळेसकट, आणि तो मी परत वाचून दाखवीपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. ही माणसं शिकत होती. मला त्याचं बरं वाटलं आणि थोडी धास्तीही, कारण आज चूक कुठे निघेल ते मला माहीत नव्हतं.

ती पावसात निघाली. कर्नलसाहेबांनी लढाई सुरू झाल्यावर तासाभरानं काल्पनिक देशात पाऊस सोडला. बाहेर खऱ्या पटांगणात लख्ख ऊन होतं. पडद्यावर मात्र काळ्या मातीच्या वावरांचा रंग बदलला, आणि वावरांतून पसरून चाललेल्या गाड्या मंदावल्या. त्या दिवशीची योजना वेळेवर बांधलेली होती. आमच्या तोफा ठरलेल्या वेळी नदीपलीकडच्या टेकडीवर मारा करणार, शत्रूला खाली मान घालायला लावणार आणि थांबणार. त्या थांबल्या की लगेच तीन नंबरनं टेकडीवर चढायचं. लगेच म्हणजे शत्रूनं मान वर काढायच्या आत.

मुख्यालयानं पाऊस पडतो आहे हे ऐकल्यावर सगळ्यांना पक्क्या सडकेवर यायला सांगितलं. बरोबरच होतं. पण हुकूम माझ्या बटालियनला गेला तसा दोन नंबरलाही गेला होता, आणि सडक एकच होती. तिच्यावरचा पूलही एकच. दोन नंबरच्या गाड्या आधी पोचल्या. माझे रणगाडे त्यांच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. पडद्यावर चिन्हावर चिन्ह चढलेलं. पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या तोरणाखाली अडाव्यात तशी ती गर्दी.

मी हिशोब केला. पूल मोकळा होऊन मी टेकडीशी पोचेन तेव्हा तोफा थांबून बराच वेळ झालेला असेल. शत्रू तयारीत बसलेला असेल. ही गोष्ट नकाशाच्या भिंतीसमोर बसलेल्या कोणालाही दिसणार नव्हती. पुलाशी मी उभी होते.

मी हेडसेट कानाशी दाबला आणि फोन लावला. तीन बोलतेय, पुलावर कोंडी आहे, मला उशीर होणार, तोफा पुढे ढकला. मेजरसाहेबांच्या मागे खूप आवाज होते, एक नंबरवर हल्ला झाला होता. ते म्हणाले, थांबा. फोन बंद.

मी थांबले. पुलावरची गाडी एखादी पुढे सरकायची आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. भोजनकक्षाच्या मागच्या दारातून स्वयंपाक्यांच्या पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता. मी पुन्हा फोन लावला. या वेळी वाक्य छोटं केलं. मेजरसाहेब चिडले.

“तीन, एक बार बोला ना, वेट. पूरी ब्रिगेड तुम्हारे लिए नहीं रुकेगी.”

खरं तर इथे गप्प बसता आलं असतं. दोनदा सांगितलं होतं. तोंड उघडलं होतं, कर्नलसाहेबांनाही तक्रारीला जागा नव्हती. पण घड्याळात तोफांची वेळ जवळ येत होती आणि माझ्या चिन्हाखाली माणसांचा आकडा दिसत होता. ती खोटी माणसं आहेत हे मला चांगलं माहीत आहे. आकडे मीच भरले होते. तरी ती माझी होती.

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा मी मेजरसाहेबांना बोलू दिलं नाही. “साहेबांना द्या,” मी म्हटलं. “ब्रिगेडियरसाहेबांना. आत्ता.”

हे मराठीतच आलं. फोनवर मराठी बोलायचं नाही असा नियम होता.

पलीकडे खरखर झाली आणि ब्रिगेडियरांचा आवाज आला. “बोल, तीन.”

“सर, मी पुलाशी उभी आहे. दोन नंबर पुढे अडकलीय. ठरल्या वेळी मी टेकडीवर नसेन. तोफा आत्ता चालवल्या तर मी पोचेन तेव्हा शत्रू तयार असेल. मला पाऊण तास हवा.”

“दोन नंबरला मागं घेतलं तर?”

“सडकेवर वळायला जागा नाही. वावरात उतरले तर रुततील.”

मग त्यांनी फोनवरून तोंड बाजूला करून कोणाला तरी तोफा थांबवायला सांगितलं, आणि मला म्हणाले, “पाऊण तास. त्यापुढे एक मिनिट नाही.”

तेवढ्या वेळात पूल पार झाला. टेकडी मात्र अर्धीच हाती आली. वेळ संपला तेव्हा तिच्या अलीकडच्या उतारावर आम्ही होतो आणि माथ्यावर वरपक्ष. माझे काही रणगाडे राखाडी झाले होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चर्चेत ब्रिगेडियरांनी मेजरसाहेबांना एवढंच विचारलं की पाऊस आला तेव्हा एका सडकेवर दोन बटालियन पाठवताना आपल्यापैकी कोणी नकाशाकडे पाहिलं का. मेजरसाहेब म्हणाले की नाही पाहिलं. मग ते स्वतः उठून फळ्यापाशी गेले आणि पुलावर कोणी आधी जायचं याचा क्रम कसा लावायला हवा होता ते काढायला लागले. बराच वेळ ते काढत होते. घाईतला माणूस इतका वेळ एका पुलापाशी थांबलेला पाहून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

जेवताना मी नेहमीप्रमाणे शेवटच्या टेबलाशी बसले होते. ब्रिगेडियर ताट घेऊन आले. त्यांना आवाज ओळखीचा होता, चेहरा नव्हता. त्यांनी महागावकराला विचारलं की तीन नंबर कोण.

“मी, सर,” मी म्हटलं. त्यानं बोट दाखवायच्या आत.

ते समोर बसले. वांग्याच्या भाजीशी पोळीचा एक घास खाल्ला. “दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी मेजरच्या शेजारीच होतो,” ते म्हणाले. “मला तुझा राग आला होता.”

“हो, सर.”

“मी फोन घेतला नसता तर?”

“पुन्हा लावला असता.”

“आणि तोफा सुटल्याच असत्या तर?”

“मग सुटल्या असं कळवलं असतं. आणि किती उशिरा पोचेन तेही.”

त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले. त्यांच्या वाटीतलं वरण संपत आलं होतं. माझा हात नकळत टेबलाशेजारी ठेवलेल्या वरणाच्या बादलीकडे गेला आणि मी तो परत घेतला. थोड्या वेळानं त्यांनीच वाढप्याला हाक मारली.

दुपारनंतर आम्ही वायरी गुंडाळत होतो. दुसऱ्याच दिवशी तिथे कोणाच्या तरी श्राद्धाचं जेवण होतं, त्यामुळे सगळं आवरून द्यायचं होतं. महागावकर वरपक्षाच्या खोलीतून संगणक काढून आणत होता. कर्नलसाहेब स्टेजच्या पायरीवर बसून खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होते. त्यांनी वर न पाहता मला सांगितलं की दिवाळीनंतर छावणीत आठवडाभर राहावं लागेल, घरी विचारून ठेव.

म्हणजे झालं होतं. मी हेडसेटची वायर हाताभोवती गुंडाळत उभी राहिले. हो म्हणून निघून जाता आलं असतं. तेवढंच अपेक्षित होतं.

“सर,” मी म्हटलं, “घरी मी सांगते. पण हा हेडसेट मला मोठा होतो. सारखा पडतो. एक हात त्यालाच लागतो. छावणीत जायच्या आधी दुसरा पाहिजे.”

त्यांनी चिठ्ठी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आधी हेडसेटकडे, मग माझ्या डोक्याकडे.

“इतके दिवस काहून नाई सांगतलं?” ते म्हणाले.

“आता सांगितलं,” मी म्हटलं, आणि तो त्यांच्या हातात दिला.